बारा तासांची पाळी, दोन दिवसांची रोजी
नागरा (ता. जि. गोंदिया) येथील कामकऱ्यांचा जाहीरनामा

राइस मिलांत धान उतरवणारे, पॉलिशरजवळ उभे राहणारे, बॉयलरला तूस घालणारे, कट्टे शिवणारे, ट्रक भरणारे. घरच्या ओसरीत बिड्या वळणाऱ्या बाया. बांधकामावर, किराणा दुकानात, धाब्यावर, पेट्रोल पंपावर राबणारी पोरं. आम्ही नागरा आणि आजूबाजूच्या गावांतले लोक आहोत. आमच्यातले बरेच जण सकाळी सायकल नाहीतर ऑटो धरून गोंदियाला कामाला जातात आणि दिवस मावळल्यावर परततात. आम्ही आज एक चळवळ उभी करत आहोत आणि तिचं म्हणणं या कागदावर लिहून देत आहोत.

म्हणणं एका ओळीचं आहे. बारा तासांची पाळी म्हणजे दोन दिवसांची रोजी.

हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे कोणी याला नुसती घोषणा म्हणणार नाही. कामाचा दिवस आठ तासांचा. त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. म्हणजे बारा तास काम केलं तर आठ तास एकेरी आणि चार तास दुहेरी. चार दुणे आठ. आठ आणि आठ सोळा. सोळा तासांचा मोबदला म्हणजे दोन दिवसांची रोजी झाली.

आता रुपयांत पाहा. हिशेब सोपा जावा म्हणून महिन्याचं किमान वेतन १३,००० रुपये धरू. खरा दर धंद्यावर, परिमंडळावर आणि कामाच्या श्रेणीवर ठरतो, पण रीत हीच. १३,००० ला २६ ने भागलं की दिवसाचे ५०० रुपये. ५०० ला ८ ने भागलं की तासाचे ६२ रुपये ५० पैसे. त्याची दुप्पट १२५. जादा चार तासांचे ५०० रुपये. बारा तास राबलेल्या माणसाच्या हातात त्या दिवसाचे १,००० रुपये पडायला हवेत. ज्याला आज बारा तासांचे ४०० किंवा ४५० मिळतात, त्यानं हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

कोणी म्हणेल, १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाला नऊ तासांपर्यंत मुभा होती, म्हणून जादा तास चार नव्हे, तीनच. त्याच कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तास होती. सहा दिवस रोज बारा तास म्हणजे ७२ तास. ४८ वजा केले की २४ तास जादा, आणि त्यांची दुप्पट ४८. म्हणजे ९६ तासांचा मोबदला, बारा दिवसांची रोजी. कुठल्याही बाजूनं मोजा, आठवडाभर बारा-बारा तास राबणाऱ्याला सहा दिवसांत बारा दिवसांचे पैसे मिळायला हवेत. आणि ही दुप्पट नुसत्या मूळ वेतनाची नाही, महागाईप्रमाणे बदलणारा विशेष भत्ता धरून होते. पुष्कळ ठिकाणी ओव्हरटाइम दिला असं दाखवतात, पण भत्ता बाजूला काढून, तोही एकेरी दरानं. तो ओव्हरटाइम नव्हेच.

आमच्याकडे चालतं काय? ‘बाराची ड्यूटी’ हाच दिवस मानला जातो. सकाळी आठ ते रात्री आठ, नाहीतर रात्री आठ ते सकाळी आठ. पगार ठोक ठरवलेला. त्यात किती तासांचे किती, जादा किती, भत्ता किती, हे ना तोंडी सांगितलं जातं ना कागदावर येतं. हजेरीच्या वहीत तासांचा रकानाच नसतो. नुसता ‘पी’ मारलेला असतो. धानाचा हंगाम जोरात असला की पाळी सोळा तासांवर जाते आणि चहा-भजे मिळतात. हंगाम सरला की ‘उद्या येऊ नको’. विचारलं तर मुनीम म्हणतो, तू स्वतःच्या मर्जीनं आलास, पटत नसेल तर दाराबाहेर दहा उभे आहेत.

या मर्जीच्या गोष्टीवर आम्ही थोडं थांबतो, कारण आमची माणसं इथेच गप्प होतात. त्यांना वाटतं, आपणच हो म्हटलं, आता बोलायला तोंड नाही. कायदा मात्र उलट सांगतो. किमान वेतनापेक्षा कमी घ्यायला मजूर स्वतः राजी झाला, अंगठा दिला, स्टॅम्पपेपरवर सही केली, तरी तो करार रद्दबातल असतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. हा हक्क मजुराला विकता येत नाही आणि मालकाला विकत घेता येत नाही. दाराबाहेर दहा उभे असतात म्हणून तर हा कायदा करावा लागला. उपाशी माणूस किती कमी पैशांत राजी होईल यावर रोजी ठरू नये, एवढंच त्यामागे आहे.

१९८२ साली, दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामं चालू असताना, तिथल्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं याहून पुढचं सांगितलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखालची वेठबिगारी. डोक्यावर कोणी काठी घेऊन उभं नसलं तरी गरिबीची सक्ती हीसुद्धा सक्तीच. आमच्या आज्यांनी-पणज्यांनी मालगुजाराच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वेठ केली, हे आम्ही घरात ऐकत मोठे झालो. ती प्रथा गेली असं शाळेच्या पुस्तकात वाचलं. न्यायालयाचं मानलं तर ती पुरती गेलेली नाही.

हा हक्क कुठून आला

कोणी असं समजू नये की किमान वेतन ही मुंबई-पुण्याच्या कारखान्यांची गोष्ट आहे आणि गोंदियाला ती उशिरा लागू झाली. १९४८ च्या मूळ किमान वेतन कायद्याला जोडलेली अनुसूची काढून पाहा. पहिल्या काही नोंदींतच राइस मिल, फ्लोअर मिल आणि डाळ मिल आहेत. लगेच पुढे तंबाखू आणि बिडी. खाली लाखेचे कारखाने आहेत, दगडफोड आहे, रस्ते-इमारतींचं काम आहे. दुसऱ्या भागात शेती. धान, बिडी, लाख, दगड आणि बांधी: हा तर आमच्या जिल्ह्याचा नकाशाच. देश स्वतंत्र झाल्यावर, सगळ्यात जास्त कोणाला लुबाडलं जातं याचा विचार झाला तेव्हा पहिल्या यादीत आमचे धंदे आले. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ हा हक्क कागदावर आहे.

त्या कायद्याचं विधेयक १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्तीही १९४६ चीच. पुढे १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. दर १४ एप्रिलला आमच्या गावोगावी मिरवणुका निघतात. त्या मिरवणुकीत चालणाऱ्या प्रत्येकाला आम्ही विचारतो आहोत: बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकातली रोजी तुझ्या घरी येते का?

त्याच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे होते. जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना उभं केलं आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळवली. आज रविवार सगळा देश पाळतो. गोंदियातल्या कित्येक मिलांत आणि दुकानांत मात्र तो अजून पोहोचलेला नाही. महिन्याचे तीसच्या तीस दिवस भरा, एक खाडा झाला की पगार कापला.

किमान वेतन कसं मोजायचं, हेही देशानं फार पूर्वी ठरवलं आहे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं माप घालून दिलं. कमावणाऱ्या एका माणसामागे, त्याला धरून, खाण्याची तीन एककं धरायची. प्रत्येक एककाला दिवसाला २,७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे रॅप्टाकोस ब्रेट या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के जोडायला सांगितलं. म्हणजे किमान वेतनात मुलीची फी आहे, आईच्या गोळ्या आहेत, दिवाळी आहे. हे चैनीचं वेतन नव्हे. माणूस उद्या पुन्हा कामावर उभा राहावा यासाठी लागणारं हे कमीत कमी. यापेक्षा कमी दिलं तर ती तूट कुठूनतरी भरून निघते: पोर शाळेतून काढली जाते, बाईच्या ताटातली भाजी जाते, बचत गटाचं कर्ज वाढतं.

महाराष्ट्रात या वेतनाचे दोन भाग असतात. एक मूळ वेतन, दुसरा विशेष भत्ता. महागाईप्रमाणे भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, बदलतो. कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा श्रेणी आहेत आणि गावाच्या आकाराप्रमाणे परिमंडळं आहेत. मूळ दर पाच वर्षांच्या आत फिरून तपासायचे असतात. ते काम रखडत राहण्याचा अनुभव या राज्यातल्या कामगारांना नवा नाही. पण आम्ही विचारतो, जानेवारीत आणि जुलैत भत्ता वाढला हे आमच्यापैकी किती जणांना कळतं? कामाच्या जागी, कामगाराला वाचता येईल अशा भाषेत दराची पाटी लावलेली असायला हवी. आम्ही अशी पाटी शोधत आहोत.

मालकांना

आम्ही तुमच्याविरुद्ध वैर मांडलेलं नाही. तुमची मिल चालली तर आमची चूल चालते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. तुमच्यातले काही जण नेमानं रोजी देतात, आजारपणात मदत करतात, पोरांच्या लग्नाला येतात. पण लग्नाच्या आहेरानं ओव्हरटाइम फिटत नाही.

तुमची अडचणही आम्हाला दिसते. सरकारी धानाची भरडाई करताना क्विंटलमागे अरव्याचा (न उकडलेल्याचा) ६७ किलो तांदूळ जमा करावा लागतो, उसन्याचा (उकडलेल्याचा) ६८. धान हलकं निघालं, कनकी (तुकडा तांदूळ) जास्त पडली, तरी आकडा बदलत नाही. अरव्याच्या भरडाईला केंद्राचा दर वर्षानुवर्षं क्विंटलला १० रुपयांवर अडकून राहिला. राज्याची प्रोत्साहन रक्कम वर मिळते, पण बिलं थकतात. वीज महाग, बारदाना महाग. हे सगळं खरं आहे. म्हणून भरडाईचा दर ठरवताना मिलमधल्या माणसांचं किमान वेतन आणि दुप्पट ओव्हरटाइम त्या हिशेबात धरलाच पाहिजे आणि बिलं मुदतीत निघाली पाहिजेत, ही मागणी आम्ही सरकारकडे करतो. या मागणीसाठी तुम्ही मोर्चा काढाल तेव्हा आम्ही तुमच्यासोबत चालू.

मात्र सरकारनं तुमचं बिल थकवलं म्हणून तुम्ही आमची रोजी थकवायची, हे आम्हाला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयानं पूर्वीच सांगून ठेवलं आहे की, कामगाराला किमान वेतन देऊ शकत नाही अशा धंद्याला चालण्याचा हक्कच नाही. परवडत नाही, ही सबब तिथे चालत नाही. डिझेलवाला परवडत नाही म्हणून सोडून देतो का? वीज मंडळ देतं का? मग सगळ्या धंद्यातला एकटा मजूरच असा का, ज्याचा भाव मालकाच्या सोयीनं खाली येतो?

आणि तुमच्यातला जो नेमानं देतो त्याचंही नुकसान होतं. तो किमान वेतन, ओव्हरटाइम, भविष्य निर्वाह निधी सगळं भरतो, आणि शेजारचा काहीच न भरता तांदूळ स्वस्त विकतो. कायदा सगळ्यांनी पाळला तर कोणाचाच तोटा नाही. एकानं मोडला की बाकीच्यांना मोडण्याचा मोह होतो. गोंदियाच्या तांदळाचं नाव सगळ्या देशात आहे. ते नाव अर्ध्या रोजीवर उभं राहावं, असं तुम्हालाही वाटत नसेल.

आमच्या गावच्या लोकांना हा हक्क कळायला फार वेळ लागणार नाही, कारण हमीभाव काय असतो हे त्यांना नीट ठाऊक आहे. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. खरेदी केंद्रावर कोणी २,२०० देतो म्हणाला तर गाव रस्त्यावर येतं. कट्ट्यामागे किलोभर जास्त मापून घेतलं तर भांडण होतं, आमदाराला फोन जातो, पेपरात बातमी येते. किमान वेतन हा मजुरीचा हमीभाव आहे. शंभर रुपये कमी दिले, रोज चार तास जास्त मापून घेतले, तर तेवढाच आवाज उठला पाहिजे. धान पिकवणारा आणि धान वाहणारा आमच्याकडे बहुतेक एकच माणूस असतो. दिवाळीपर्यंत बांधीत, दिवाळीनंतर मिलमध्ये. त्यानं एका हक्कासाठी भांडावं आणि दुसऱ्यासाठी मान खाली घालावी, याला काही कारण नाही.

ज्यांचा आवाज सगळ्यात कमी ऐकू येतो

मिलमध्ये बाया कनकी चाळतात, सांडलेलं धान झाडून गोळा करतात, बारदाना शिवतात. दिवसभर धूळ नाकातोंडात. त्यांना पुरुषापेक्षा कमी रोजी देण्याची रीत इतकी मुरली आहे की देणाऱ्याला आणि घेणारीलाही ती चुकीची वाटत नाही. समान कामाला समान मोबदला हा १९७६ पासून या देशाचा कायदा आहे, आणि नव्या वेतन संहितेतही पगाराच्या बाबतीत बाई-पुरुष भेद करायला बंदी आहे. ‘बायांचं काम हलकं’ हे आम्ही आता ऐकून घेणार नाही. वाकून दहा तास कनकी निवडण्यात हलकं काय आहे, ते सांगणाऱ्यानं एक दिवस बसून पाहावं.

बिड्या वळणाऱ्या बायांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची पाळी सुरू कधी होते आणि संपते कधी, हेच कोणी मोजत नाही. पान भिजवणं, कापणं, वळणं, बांधणं. मध्ये स्वयंपाक, मध्ये पोरं. मजुरी हजारी बिडीवर. पान कमी आणि खराब मिळतं, तंबाखू अपुरी पडते, ती बाईनं पदरच्या पैशानं भरायची. मग छाट निघते. छाटलेली बिडी ठेकेदार परत देत नाही; ती विकली जाते, पण तिची मजुरी मिळत नाही. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्यानं घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं होतं. तिला ओळखपत्र, वही, भविष्य निधी हे सगळं लागू आहे. या चळवळीत मिलवाल्या पुरुषांइतकंच तिचं म्हणणं पुढे राहील, आणि बैठका तिच्या सोयीच्या वेळी होतील.

बालाघाटकडून आणि छत्तीसगडमधून आलेले भाऊ मिलच्या आवारातच राहतात. उचल घेऊन आलेले असतात, म्हणून तोंड उघडत नाहीत. उचल दिली म्हणून माणूस अडकवून ठेवता येत नाही आणि कमी रोजीत राबवता येत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं हे बंद केलं आहे. हे लोक आमची रोजी पाडतात, असं गावात बोललं जातं. रोजी पाडतो तो देणारा. आम्ही त्यांना आमच्यात घेऊ, आणि हा जाहीरनामा हिंदीतूनही वाचून दाखवू.

ठेकेदाराकडून काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ठेकेदार पळाला, बुडाला, फोन उचलत नाही, तरी पगाराची जबाबदारी संपत नाही. ज्याच्या आवारात काम झालं त्या मूळ मालकावर ती येते.

आणि स्वतःसाठीही एक नियम. आमच्यातल्या ज्यांच्याकडे एकर-दोन एकर बांधी आहे, ते रोवणीला आणि कापणीला माणसं लावतात. शेतमजुरीलाही किमान वेतन आहे. या चळवळीत येणारा आपल्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईला ते देईल. न देणाऱ्यानं मिलमालकाकडे मागायला आमच्यासोबत येऊ नये.

नवे कायदे आले त्याबद्दल

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतन संहितेत आमच्या उपयोगाच्या काही गोष्टी आहेत आणि त्या आम्ही वापरणार. किमान वेतन आता अनुसूचीतल्या धंद्यांपुरतं उरलेलं नाही. कपड्याच्या दुकानातल्या पोरालाही ते लागू आहे. जुने राज्य दर, नव्या कायद्याशी जुळत असतील तोवर, चालूच राहतात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे, काढून टाकलं किंवा काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता झाला पाहिजे. पगाराची चिठ्ठी द्यावीच लागते. दावा करायला पूर्वी सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षांची आहे. थकलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पैसे दिले हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर आहे. कमी वेतन देणाऱ्याला पहिल्यांदा ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पाच वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण याच नव्या व्यवस्थेत आम्हाला न पटणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या आम्ही उघड सांगतो. विजेवर चालणारा ‘कारखाना’ मानण्यासाठी पूर्वी दहा माणसं पुरत, आता वीस लागतात. आमच्या भागातल्या लहान मिलांत पंधरा-सोळा माणसं असतात. तिथल्या पट्ट्यात हात सापडतो तेव्हा मशीन माणसं मोजत नाही. पूर्वीचा निरीक्षक आता ‘निरीक्षक नि सुविधाकार’ झाला आहे. सुविधा कोणाची, हे आम्ही पाहत राहू. केंद्राचा तळाचा दर वर्षानुवर्षं दिवसाला पावणेदोनशे रुपयांच्या आसपास राहिला, आणि २०१९ साली खुद्द सरकारनंच नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं ३७५ रुपये सुचवले तेव्हा तो अहवाल बाजूला पडला. असा तळ गाठून राज्यांनी आपले दर खाली ओढू नयेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याला मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती लागेल, असं त्यात म्हटलं आहे. ज्या गावात नेमणुकीचं पत्र मिळत नाही, तिथे लेखी संमती कशी घेतली जाते हे आम्हाला माहीत आहे: कोऱ्या कागदावर, पगाराच्या दिवशी, बाकीच्या सह्यांसोबत. आम्ही या बदलाच्या विरोधात आहोत. आठ तासांचा दिवस जगभरच्या कामगारांनी रक्त सांडून मिळवला. आणि जिथे बारा तास होतीलच, तिथे आमची ओळ लागू: दोन दिवसांची रोजी.

आम्ही काय करणार

प्रत्येक सभासद स्वतःची वही ठेवेल. शाळेची दोनशे पानी वही पुरते. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, काम काय केलं, किती कट्टे, किती पैसे मिळाले, कोणाच्या हातून. लिहिता येत नसेल तर घरातलं शिकणारं पोर लिहील. रोजच्या रोज लिहायचं, आठवून नाही. मालकाच्या हजेरीपटात तास नसतील तर आमच्या वहीत असतील, आणि कामगार कार्यालयात दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या जातील. चळवळीचं सगळं बळ या वहीत आहे. मोर्चे, भाषणं, झेंडे नंतर. ज्याची वही नाही त्याला आम्ही सभासद म्हणणार नाही.

दर जानेवारीत आणि जुलैत, नवा भत्ता जाहीर झाला की, राइस मिल, बिडी, दुकानं, बांधकाम आणि शेती यांचे दर आम्ही ग्रामपंचायतीच्या परवानगीनं गावातल्या भिंतीवर रंगवू. महिन्याचे, दिवसाचे, तासाचे आणि ओव्हरटाइमच्या तासाचे, असे चार आकडे. ग्रामसभेत ते वाचून दाखवण्याचा ठराव आम्ही मांडू. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या शिवमंदिरात जिल्ह्यातून आणि राज्याच्या सीमेपलीकडून माणसं येतात. त्या जत्रेत आमचे लोक हे आकडे छापलेला कागद वाटतील.

थकबाकीचा दावा एकेकट्यानं करायचा नाही. एका ठिकाणच्या सगळ्यांनी मिळून करायचा, म्हणजे एकाला काढून प्रश्न मिटत नाही. आधी मालकाला लेखी पत्र, पंधरा दिवसांची मुदत. मग जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी मागे हटू नये: स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कारखान्यातले कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. तो हक्क १९८७ च्या कायद्याचा आहे.

आम्ही कोणाच्या मिलवर दगड टाकणार नाही, ट्रक अडवणार नाही, शिवी देणार नाही. मालकाकडून वर्गणी घेणार नाही, पक्षाकडूनही नाही. कुठल्याही पक्षाचा माणूस सभासद होऊ शकतो, पण बैठकीला येताना झेंडा घरी ठेवायचा. पैसा सभासदांचा, हिशेब दर महिन्याला वाचला जाईल. आणि ‘दहा हजार घे आणि विषय मिटव’ अशी तडजोड कोणी एकट्यानं, अंधारात करणार नाही. तडजोड करायची तर सगळ्यांसमोर, पूर्ण हिशेब मांडून.

सरकारी कार्यालयांकडे आमचं मागणं मोठं नाही. राइस मिलांत हंगामात, रात्रीच्या पाळीला, न कळवता तपासणी करा. सरकारी धानाच्या भरडाईचा करार करताना मिलमालकाकडून मागच्या वर्षाचा वेतनपट आणि हजेरीपट मागा. जो किमान वेतन देत नाही त्याला सरकारी धान देऊ नका. सरकारच्या पोत्यावर सरकारचाच कायदा मोडला जाऊ नये. तक्रार करणाऱ्याचं नाव मालकाला सांगू नका.

१ मे या दिवसाला आमच्याकडे तीन अर्थ आहेत. तो कामगार दिन आहे, महाराष्ट्र दिन आहे, आणि १९९९ साली याच तारखेला भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. येत्या १ मेला नागऱ्यात आम्ही सगळ्या वह्या एकत्र मांडू आणि गावाच्या एकूण थकलेल्या रोजीचा आकडा काढू. तो आकडा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी देऊ.

तोवर वेळ आहे. दादा, बाई, काकाजी, आजची तारीख घाला, आत किती वाजता गेलात आणि बाहेर किती वाजता आलात ते लिहा, आणि वही घेऊन बैठकीला या.